तुरुंगाच्या न्हाणीची तयारी

परवा नातीबरोबर दादरच्या एका दवाखान्यात गेले होते. आजारी ती नव्हती आणि मीही नव्हते. तिथे आजारी कुणी येतच नसावं. सगळ्या चांगल्या धडधाकट, पंचविशी-तिशीच्या मुली बाकांवर बसल्या होत्या, आणि चेहरे मात्र आत कुणाचं तरी ऑपरेशन चालू असल्यासारखे. माझ्या नातीच्या मांड्यांवर खळ्या आहेत. त्याला सेल्युलाइट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. खळी गालावर पडली तर लोक कौतुक करतात, मांडीवर पडली तर दवाखान्यात जावं लागतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि गुणीही होत्या. त्यांनी मलाही समजेल असं सांगितलं. कातडीखाली चरबीचा थर असतो. त्या थरातून दोऱ्यांसारखे चिवट पट्टे गेलेले असतात आणि ते कातडीला खालच्या भागाशी बांधून ठेवतात. पट्टा ओढतो तिथे खड्डा पडतो आणि दोन पट्ट्यांमधली चरबी वर येते. मी म्हटलं, "म्हणजे पिंजाऱ्यानं टाके घातलेली गादी." त्यांना ते फार आवडलं. बायकांचे हे पट्टे बहुतेक सरळ उभे असतात, पुरुषांचे तिरपे, जाळीसारखे, म्हणून पुरुषांची गादी सपाट राहते. बाई जाडी असो, बारीक असो, वयात आल्यावर बहुतेकींना थोडंफार हे होतंच. हा आजार नव्हे. त्यानं काही बिघडत नाही.

"मग उपचार कशावर करता?" मी विचारलं. नातीनं माझ्या पायावर पाय दिला.

उपचार पुष्कळ होते. मांडी ओढून चोळणारं यंत्र होतं, आतून शेक देणाऱ्या लहरी होत्या, बाहेरून ठोके देणाऱ्या लहरी होत्या, कॉफीतलं काहीतरी घातलेलं मलम होतं. सुरी नाही, कापाकापी नाही. डॉक्टरीणबाई प्रामाणिकही होत्या. म्हणाल्या, "जात नाही आजी, काही दिवस कमी दिसतं. मग परत करावं लागतं." नातीनं मान डोलावली आणि पुढच्या शनिवारची वेळ घेतली.

मी बाकावर बसून राहिले आणि मला आईचा विलक्षण राग आला. आणि मग तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की नातीनं टॅक्सीत विचारलं, "आजी, तुला बरं नाही का?" हे सगळं जर कुणी आईच्या गळी उतरवू शकलं असतं, तर माझी आई संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेली असती.

आम्ही तेव्हा गिरगावात एका वाडीत राहत होतो. दोन खोल्या आणि समोर सामाईक गॅलरी. वडील फोर्टातल्या एका गोऱ्या कंपनीत हेडक्लार्क होते आणि चळवळीतले कडवे कार्यकर्ते होते, म्हणजे गॅलरीतल्या आरामखुर्चीत. कचेरीतून आले, चहा झाला, की मुंबई कुणाच्या बापाची नाही हे ते वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. मोर्च्याच्या दिवशी त्यांना हमखास रजा मिळत नसे. सभेला जात, पण शेवटच्या रांगेत उभे राहत, कारण गर्दीत त्यांना घुसमटायला होई. त्यांच्या भक्तीत खोट नव्हती. ते खरोखरच रडले होते, जेव्हा गोळीबारात माणसं गेल्याची बातमी आली. पण रडून झाल्यावर सकाळी ते नेहमीच्या वेळी कचेरीत गेले.

आई बोलत नसे. एकदा खाली रस्त्यावर दगडफेक झाली आणि अश्रुधूर सोडला तेव्हा सगळ्या खोल्यांची दारं पटापट लागली. वडील आतून "अगं, आत ये, आत ये" म्हणत होते. आईनं पाण्याची कळशी आणि फाटकं धोतर घेतलं आणि ती खाली उतरली. डोळे चोळत धडपडणाऱ्या पोरांना तिनं जिन्याखाली ओढलं आणि ओल्या चिंध्या दिल्या. एक पोलीस काठी उगारून आला. म्हणाला, "बाई, घरात जा." आई म्हणाली, "हे माझंच घर आहे. तुम्ही तुमच्या घरी जा." तो काठी खाली करून खरंच गेला. तो घरी गेला की नाही ठाऊक नाही, पण आमच्या वाडीतून गेला.

मी हे मुद्दाम सांगते आहे. पुढचं वाचून आई भित्री होती असा कुणाचा समज व्हायला नको. वाडीचा तो झालाच.

आमच्या इथे मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या बायकांच्या सत्याग्रहाच्या तुकड्या जमवत. घरोघर जात, पोहे खात, आणि नाव लिहून घेतल्याशिवाय उठत नसत. आईनं पोहे देतादेताच सांगितलं, "माझं घाला." वडिलांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. त्यांना अभिमान वाटला आणि धास्तीही. नाही म्हणायची तर सोयच नव्हती, इतकी वर्षं ते गॅलरीतून काय बोलत होते ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

रात्री भांडी विसळताना मी आईला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" मी तेव्हा सोळा वर्षांची असेन.

"तुरुंगात नावानं हजेरी घेतात म्हणे," आई म्हणाली. "माझं नाव लग्नानंतर कुणी मोठ्यानं घेतलेलं नाही. वहिनी, आई, काकू, अमक्यांची मंडळी. एकदा घेऊ दे की कुणीतरी. आणि मी म्हणेन, हजर."

ती हे हसत म्हणाली. पण 'हजर' तिनं असं म्हटलं की मला कळलं, तिनं हे आधी कधीतरी म्हणून बघितलं आहे.

पहिल्या तुकडीत आमच्या वाडीतून एकट्या समोरच्या खोलीतल्या काकू गेल्या. त्या मूळच्या मालवणकडच्या, यजमान माझगावच्या गोदीत. आईचं नाव दुसऱ्या तुकडीत होतं. काकूंची तुकडी घोषणा देत गेली, पोलिसांनी गाडीत घातली, आणि पुढचे काही दिवस वाडीत काकूंच्याच नावाचा जप चालला. त्या परत आल्या तेव्हा ओवाळणी झाली, हार झाला, आणि संध्याकाळी गॅलरीत बायकांनी त्यांना मध्ये बसवून घेतलं.

काकू बोलायला लागल्या की थांबत नसत. भाकरी कशी होती, तर जाड, आणि चुलीच्या धुराचा वास. कालवण कसं, तर तिखटजाळ. झोपायला काय, तर एका खोलीत दाटीवाटीनं दहा-बारा जणी, एकीचे पाय दुसरीच्या डोक्याशी. सगळ्या बायका चकचक करत होत्या. मग कुणीतरी आंघोळीचं विचारलं.

"न्हाणीला दारच नाही," काकू म्हणाल्या. "तीन बाजूंना भिंत आणि पुढं उघडं. एक नळ. एकीनं अंगावर पाणी घ्यायचं आणि बाकीच्या बादल्या घेऊन समोर उभ्या. लाज धरून कुणाला सांगता? नळ जातो ना!"

बायका हसल्या. आई हसली नाही. मी तिच्या शेजारी बसले होते. तिनं पदर पायांवरून खाली ओढून घेतला, आणि पाय झाकलेलेच होते.

याचं कारण फार जुनं होतं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला तेल लावायला एक बाई येत. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. एक दिवस त्या आईला पालथी घालून चोळत असताना म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या मांड्यांना मागून टाकी लागलीय की हो पाट्यासारखी!" पूर्वी दारावर टाकीवाला यायचा. वाटून वाटून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर तो छिन्नीनं बारीक खड्डे पाडून द्यायचा, तसं. त्या बाईनं पाच मिनिटांनी दुसराच विषय काढला असेल. आईनं ते वाक्य कित्येक वर्षं उराशी धरून ठेवलं होतं. गिरगावात दोन खोल्यांत आयुष्य गेलं तरी आमच्याकडे मोरीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. आईच्या मांड्या मागून कशा दिसतात हे त्या तेलवालीखेरीज जगात कुणाला माहीत नव्हतं, आणि आता दहा-बारा जणी बादल्या घेऊन बघणार होत्या.

त्या आठवड्यात शिक्षिकाबाई आल्या तेव्हा आई म्हणाली, "मला पुढच्या तुकडीत घाला. हिची परीक्षा आहे." परीक्षा होती, पण ती मी देणार होते.

मला सगळं सांगावं लागलंच, कारण आरसा धरायला कुणीतरी हवं होतं. वडील कचेरीत, भाऊ शाळेत, खिडकीला चादर. आईनं उजेडाकडे पाठ करून पातळ वर घेतलं आणि मी भिंतीवरचा आरसा काढून तिच्या मागे धरला. ती मान वळवून बघत राहिली. मला त्यात विशेष काही दिसलं नाही. थोड्या खळ्या होत्या, आणि ती हलली की त्याही हलत. मी म्हटलं, "एवढंच?" त्यावर ती म्हणाली, "तू लहान आहेस म्हणून कळत नाही." मोठी झाल्यावर कळेल या आशेवर मी गप्प बसले. मी आता ऐंशीच्या पुढे आहे.

पहिला उपचार कुळथाच्या पिठाचा. ठाकुरद्वारच्या एका वैद्यांकडून आईनं तो 'गावाकडच्या भावजयीसाठी' विचारून आणला होता. पीठ कोरडंच घ्यायचं आणि गुडघ्यापासून वर चोळत जायचं, खाली आणायचं नाही. ती रोज दुपारी मोरीत बसून चोळायची आणि घरभर कुळथाचा वास सुटायचा. वडील संध्याकाळी दारातच म्हणायचे, "वा, आज पिठी वाटतं!" आणि पानात वरण बघून हिरमुसायचे. शेवटी आईला दया आली आणि एक दिवस तिनं खरंच पिठी केली. मी त्या दिवशी ताक-भात खाल्ला.

मग लाटणं आलं. चरबी लाटून पसरते असं तिला कुणी सांगितलं देव जाणे, की पोळ्या लाटतानाच तिला सुचलं. एक जुनं लाटणं तिनं वेगळं काढलं आणि वडिलांना "ते चिरलंय" असं सांगितलं. पलंगावर पालथी पडून तिला स्वतःला लाटता येईना, म्हणून ते काम माझ्याकडे. मी अभ्यासाचं पुस्तक डोळ्यांपुढे धरून आईच्या मांड्या लाटायची. गंमत अशी की नातीच्या दवाखान्यात ते जे मोठं यंत्र आहे, त्यात दोन लाटणीच आहेत. फक्त ती विजेवर फिरतात आणि त्यांना खोली थंड करून लागते.

लाटल्यावर मांड्या लाल व्हायच्या, थोड्या सुजायच्या, आणि तासभर खरंच सपाट दिसायच्या. आई आरशात बघून खूष व्हायची. संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत. पण त्या तासाभरानं तिचा घात केला. उपाय लागू पडतोय, थोडा वेळ हवा, असं तिला वाटायला लागलं. शिक्षिकाबाई पुन्हा आल्या तेव्हा सासूबाईंचं श्राद्ध होतं. त्यानंतर पापड होते.

वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना आपलं एवढंच दिसत होतं की बायको आज जाते उद्या जाते करत घरातच आहे. आधी ते मनातून सुटल्यासारखे झाले, आणि सुटल्यावर त्यांना विनोद सुचायला लागले. गॅलरीत चारचौघांत म्हणायचे, "आमच्याकडेही एक रणरागिणी आहे, पण तलवार धारेला दिलीय. आली की निघेल." लोक हसायचे. आई आत तांदूळ निवडत असायची. मला वडिलांच्या अंगावर ते ताट फेकावंसं वाटे. पण खरं कारण सांगायची चोरी होती, आणि खरं कारण ऐकून ते आणखी हसले असते.

तिनं भात सोडला, बटाटा सोडला, दुपारचा चहा सोडला. ती वाळली. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली, पोलकी ढगळ झाली. वाडीतल्या बायका विचारायला लागल्या, "वहिनी, काही दुखतंय का?" आणि आपापसांत म्हणायला लागल्या की तुरुंगाच्या धास्तीनं झुरली बिचारी. मांड्या बारीक झाल्या, खळ्या मात्र आणखी स्पष्ट दिसायला लागल्या. आतला कापूस कमी झाला म्हणून टाके उसवत नाहीत, हे मला परवा त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

एकदा आम्ही ऑपेरा हाऊसच्या पलीकडे एका आरोग्यगृहात गेलो. तिथे एक विजेचं यंत्र होतं. खांबाला मोटर आणि मोटरीला रुंद कातडी पट्टा. पट्टा मागून अडकवून उभं राहायचं आणि मोटर सुरू झाली की तो मांड्या गदगदा हलवतो. चालवणारी बाई फ्रॉक घातलेली, गोरीपान, आणि भर मे महिन्यात पायांत थेट वरपर्यंत जाड मोजे. आई पातळ नेसलेली तशीच पट्ट्यात उभी राहिली. मोटर सुरू झाली आणि आईच्या बांगड्या, मंगळसूत्र, कानांतल्या कुड्या, सगळं एकदम वाजायला लागलं. ती मला काहीतरी सांगत होती, पण शब्द असे तुटत होते की मला एकही कळेना. मला हसू आवरेना. आईलाही हसू आलं, आणि पट्ट्यात हसू आल्यावर ते थांबवता येत नाही. आम्ही दोघी चर्नी रोडपर्यंत हसत आलो. त्या सगळ्या काळातला तेवढा एक दिवस मला लख्ख आठवतो. त्या बाईनं मे महिन्यात मोजे का घातले होते, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

शेवटी आई परळला मोठ्या इस्पितळात गेली. बायकांच्या डॉक्टरही बाईच होत्या, प्रौढ, चष्मा नाकावर घसरलेला. आईनं पाय दुखतात म्हणून सांगितलं, मग कंबर दुखते म्हणून, आणि मग मला बाहेर जायला सांगितलं. मी पडद्याच्या अलीकडे उभी होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"हे होय?" डॉक्टर म्हणाल्या. "हा आजार नाही. बायकांना असतं असं. औषध नाही आणि औषधाची गरजही नाही. जेवायला लागा आधी, किती वाळलात!"

दुसरी कुणी असती तर सुटल्यासारखं हसली असती. आई पांढरीफटक होऊन बाहेर आली. आमच्या इथली एक पद्धत आहे. डॉक्टरनं कडू औषध दिलं, सुई टोचली, पथ्य सांगितलं, तर पेशंट बरा होणार. आणि डॉक्टर जर हसून म्हणाला की काही नाही, खा-प्या, तर सगळे समजून चुकतात. माझ्या आजोबांना शेवटी डॉक्टरांनी नेमकं हेच सांगितलं होतं, हवं ते खाऊ द्या. आईनं त्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याच हिशेबात धरलं. जिना उतरताना म्हणाली, "हे काही आता जायचं नाही." आणि त्यानंतर ती शिक्षिकाबाईंना तोंडच दाखवीना. त्या आल्या की मला दारात पाठवायची. चार-सहा वेळा तसं झाल्यावर त्यांनीही आमच्याकडचे पोहे सोडले.

आणि मग महाराष्ट्र झाला. आईच्या मांड्यांसाठी तो थांबला नाही. वाडीत पताका लागल्या, पेढे वाटले, वडील आनंदानं नाचले, आणि मला आठवतं, आईही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. नंतर एका संध्याकाळी वाडीच्या चौकात मांडव घालून तुरुंगात गेलेल्या बायकांचा सत्कार ठरला. समोरच्या काकूंसह पाच-सहा जणी खुर्च्यांवर. त्यांच्या ओट्या भरायच्या होत्या. ते काम अर्थातच न गेलेल्या बायकांकडे आलं, आणि आईकडे तांदळाचं सूप.

मांडवाच्या कडेला आई खणांच्या घड्या घालत बसली होती. शेजारी लालबागहून आलेली काकूंची थोरली बहीण बसली. त्यांचे यजमान गिरणीत. ठसठशीत कुंकू, दणदणीत आवाज. बोलता बोलता आई म्हणाली, "तुमच्या बहिणीनं फार सोसलं हो तुरुंगात."

"तुरुंग खंयचो गो बाय?" त्या म्हणाल्या. "पोलिसांनी ठाण्यावर बसवल्यानी आणि सांजेक सोडून दिल्यानी सगळ्यांका. ही म्हणाली, इतक्यात घराक गेलंय तर लोक हसतले. म्हणून चार दिस माझ्याकडेच रवली. मीच नाय का भाकऱ्या करून घातल्या!"

आणि त्या मनापासून हसल्या. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बहीण माहेरपणाला आल्यासारखी राहून गेली होती.

मी आईकडे बघितलं. तिच्या मनात एकेक गोष्ट जुळत जाताना मला दिसत होती. धुराचा वास येणारी जाड भाकरी. तिखटजाळ कालवण. एका खोलीत दहा-बारा जणी.

"आणि तुमच्याकडे," आईनं अगदी सावकाश विचारलं, "न्हाणीला दार नाही का हो?"

"खंयचा दार! चाळीत दार कोण लावतला?"

आई उठली. तिनं काकूंची ओटी भरली, नीट भरली, तांदूळ न सांडता. वडील मागे कुणाला तरी सांगत होते, "आमच्या मंडळींना तेवढं धाडस झालं नाही, पण ओटी काय सुबक भरतात!" मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर काकूंना काहीतरी बोलेल, निदान वडिलांना तरी. तिनं सूप उचललं आणि ती पुढच्या खुर्चीकडे गेली.

त्याच आठवड्यात तिनं मिरच्या वाळवल्या, धणे भाजले, आणि वडिलांना सांगितलं की यंदा मसाला लालबागला कांडपावर कुटून आणते. मला बरोबर घेतलं. पिशवीत तळाला तिनं एक जुनं पातळ आणि परकर घातलेला मी बघितला.

मसाला कुटून झाल्यावर आम्ही काकूंच्या बहिणीकडे गेलो. अंगाची नुसती लाही होत होती. "न्हाऊन घेवा आधी," त्या म्हणाल्या. दुपारची वेळ, पुरुष पाळीवर गेलेले. गॅलरीच्या टोकाला ती न्हाणी होती. तीन बाजूंना दगडी भिंत, पुढे काही नाही, एक नळ. सात-आठ बायका. कुणी अंगावर पाणी घेत होती, कुणी पोर चोळत होती, कुणी बादली घेऊन उभी होती. छातीवर परकर बांधलेले आणि ओले होऊन वर सरकलेले.

मी आधी त्यांच्याकडेच बघितलं, आणि बघतच राहिले. म्हातारीला होत्या. लेकुरवाळीला होत्या. काडीसारखी बारीक, नुकतंच लग्न होऊन आलेली एक पोरगी होती, वाकून केस धूत होती, तिलाही होत्या.

आईला ते दिसत होतं की नाही, मला सांगता येत नाही. ती कुणाकडे बघतच नव्हती. तिनं परकर छातीवर बांधला, त्या बायकांकडे पाठ केली आणि नळाखाली उभी राहिली. मान ताठ, खांदे ताठ. पोलिसासमोर उभी राहिली होती तशीच. मग तिनं परकराची ओली कड मुद्दाम, हातानं, चांगली वर घेतली आणि तशीच थांबली. पाणी वाहत होतं. मागे बायका सुरमईबद्दल बोलत होत्या.

"ओ बाय," त्यांतली एक म्हणाली. आईचे खांदे आक्रसले. "बादली जरा पलीकडे घेवा. नळ जायत आता."

आईनं बादली सरकवली. आंघोळ केली. कपडे केले. आम्ही मसाल्याचा डबा घेऊन ट्राममध्ये बसलो. भायखळा येईपर्यंत ती डबा मांडीवर धरून बाहेर बघत होती. ती खूष असेल असं मला वाटत होतं, आणि मी मनातल्या मनात फार खूष होते.

"कुणी बघितलंसुद्धा नाही गं," ती म्हणाली.

"मग बरंच झालं की," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा मला कळलं की ती रडते आहे. पदर डोळ्यांना न लावता, सरळ समोर बघत.

"बरं काय झालं त्यात?" आई म्हणाली. "मी गेले असते. मी खरंच गेले असते गं."